‘अभ्यासात लक्षच नाही’ या तक्रारीचं करायचं काय? सहा आठवड्यांची एक वाट

पालकसभेत एक वाक्य मी दरवर्षी ऐकते. “बाई, डोकं आहे हो त्याला, पण अभ्यासात लक्षच नाही.” बोलणारी आई कधी येरवड्याहून दोन बस बदलून आलेली असते, कधी कोथरूडहून स्वतःच्या गाडीने. वाक्य तेच, आणि त्याच्या मागोमाग येणारंही तेच: “तुम्हीच जरा मनावर घ्या.”

पुण्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवायला लागले तेव्हा मी खरोखरच मनावर घेतलं. थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगितल्या, भिंतीवर सुविचार लावले, तासाच्या सुरुवातीला पाच-पाच मिनिटं भाषणं दिली. परिणाम साधारण मधल्या सुट्टीपर्यंत टिकायचा. मग मुलात प्रेरणा भरायची कशी, हा प्रश्नच सोडून दिला आणि साधा प्रश्न धरला: या मुलाचं अडलंय कुठे? अडलेली जागा सापडली की उपाय बहुतेक वेळा अगदी छोटा निघतो. शोधायलाच वेळ लागतो.

पुढे दिलंय ते मी एका वेळी एका मुलासाठी करते, फार तर दोघांसाठी. चाळीस जणांसाठी एकदम करायला गेलात तर तुमचीच प्रेरणा संपेल.

पहिला आठवडा: काही करू नका, बघा

एक शंभर पानी वही घ्या आणि त्या मुलाबद्दल रोज तीन ओळी लिहा. मत लिहायचं नाही, दिसलं ते लिहायचं. ‘आज आळशीपणा केला’ हे मत झालं. ‘तिसऱ्या तासाला पेन्सिलीला चार वेळा टोक केलं’ हे दिसलेलं.

बघायचं काय, यासाठी एक विभागणी मला फार उपयोगी पडली. संशोधक जेनिफर फ्रेडरिक्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००४ साली शाळेतल्या गुंतण्याचे तीन पदर मांडले: वागण्यातलं, भावनेतलं आणि विचारातलं. हजर राहणं, वही पूर्ण ठेवणं हे वागण्यातलं. शाळा आवडणं, वर्ग आपला वाटणं हे भावनेतलं. अवघड गोष्टीशी झटणं, ‘असं का?’ म्हणून अडून बसणं हे विचारातलं. आपण शिक्षक पहिल्या पदरावर फार लवकर खूश होतो. फळ्यावरचं सुवाच्य उतरवून घेणारी, कधी तोंड न उघडणारी मुलगी आपल्या यादीत ‘छान’ असते. तिच्या डोक्यात काही चाललंय की नाही हे आपण तपासलेलंच नसतं.

म्हणून तीन गोष्टींची नोंद ठेवा. लक्ष तासाच्या कुठल्या क्षणी सुटतं? कुठल्या तासाला सुटत नाही? आणि अडल्यावर मूल काय करतं: खोडतं, शेजाऱ्याचं बघतं, तुमच्याकडे येतं की गायब होतं?

सातवीतला एक मुलगा आठवतो. तासाला सारखा पाणी प्यायला जायचा. मी त्याला ‘टंगळमंगळ’ या खात्यात टाकून मोकळी झाले होते. आठवडाभर वेळा लिहून ठेवल्या तेव्हा पाच दिवसांत सहा खेपा निघाल्या. मी फळ्यावर समजावून सांगत असताना एकही नाही. सहाच्या सहा खेपा मी “आता तुम्ही सोडवा” म्हटल्यापासून पाच मिनिटांच्या आतल्या. त्याला तहान लागत नव्हती, कोऱ्या पानाची भीती वाटत होती.

घरी असाल तर दप्तराकडे बघा. कुठली वही आपणहून बाहेर येते, कुठली शेवटपर्यंत आत राहते, आणि कुठली ‘शाळेत विसरली’ जाते.

दुसरी पायरी: बोला, पण ‘का’ विचारू नका

“अभ्यास का करत नाहीस?” या प्रश्नाला जगातलं कुठलंही मूल “माहीत नाही” हेच उत्तर देतं, आणि ते खोटं नसतं. ‘का’ ऐकलं की मुलं खुलासा द्यायच्या पवित्र्यात जातात. स्टाफरूममध्ये बोलावून समोरासमोर उभं करून तर कधीच विचारू नका. फाटकापर्यंत बरोबर चालताना किंवा शेंगा सोलताना, म्हणजे दोघांची नजर तिसऱ्याच गोष्टीवर असताना, मुलं मोकळी बोलतात. दुचाकीवर मागे बसलेलं मूल तर सगळ्यात खरं बोलतं.

माझे नेहमीचे प्रश्न असे: आज कुठला तास पटकन संपल्यासारखा वाटला? कुठल्या तासाला घड्याळाकडे जास्त बघितलंस? मागच्या वर्षी काय आवडायचं जे आता नाही आवडत? आणि शेवटचा, जो विचारायला जरा छाती लागते: मी काय करायचं बंद केलं तर तुला बरं वाटेल? एका मुलीने शांतपणे सांगितलं, “पेपर देताना मार्क मोठ्याने वाचू नका.” पंधरा वर्षं वाचत होते मी.

तिसरी पायरी: चारपैकी कुठली गाठ?

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की माणूस आपणहून एखाद्या गोष्टीत रमायला तीन गरजा भागाव्या लागतात: यात माझाही काही निर्णय आहे, मला हे जमतंय आणि इथे माझी माणसं आहेत. जॅकलिन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्या दिशेने येऊन दोन प्रश्न पुढे ठेवले: मला जमेल का, आणि जमलं तरी त्याचं मला मोल काय? वर्गात उभं राहून हे सगळं एकत्र केलं की माझ्या हाती चार वाक्यं उरतात.

मला नाही जमत.
काय उपयोग याचा?
मला कुणी विचारलं?
तिथे माझं कुणी नाहीये.

मूल यातलं एकही वाक्य बोलत नाही. ते म्हणतं, “बोअर होतं.” या एका गोधडीखाली चौघंही झोपलेले असतात. पहिली तपासणी नेहमी ‘नाही जमत’ची करा, कारण ती सोंग फार छान घेते. ज्याला जमत नाही तो “काय उपयोग?” म्हणतो. त्यात अपमान कमी आहे.

आणि हे सगळं करण्याआधी शरीराकडे बघा. फळा नीट दिसतो का, ऐकू येतं का, सकाळी सातची शाळा असेल तर रात्री झोप किती, डबा असतो का? तोंडी उत्तरं चटचटीत पण वाचन अडखळत आणि लेखन विस्कळित असेल तर अध्ययन अक्षमता आहे का हे तज्ज्ञाकडून तपासून घ्यायला हवं. तसं प्रमाणपत्र असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलतीही मिळतात. चष्म्याचा नंबर भाषणाने उतरत नाही.

‘नाही जमत’ असेल तर: पडला तिथपर्यंत मागे जा

पाण्याच्या खेपा घालणाऱ्या मुलाकडे परत येते. त्याच्या वहीत एक गणित होतं: १/२ + १/३. उत्तर लिहिलं होतं २/५. वर वरचे मिळवले, खाली खालचे मिळवले. या चुकीवर मी शेकडो वेळा लाल फुली मारली असेन. या वेळी फुली मारली नाही. दोन सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या कापल्या. एक मधोमध दुमडायला सांगितली, दुसरीचे पाच भाग करून दोन रंगवायला सांगितले. मग पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या.

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “बाई, अर्ध्यात अजून घातलं आणि कमी झालं?”

जूनपासून त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न. विचारातलं गुंतणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी दिसलं. तोपर्यंत मी फक्त वाचलं होतं.

अशा मुलाला सातवीची उजळणी देऊन उपयोग नसतो. तो घसरलेला असतो चौथी-पाचवीत आणि आपण त्याला सातव्या मजल्यावरून हाका मारत असतो. माझी पद्धत अशी. मधल्या सुट्टीच्या शेवटची दहा मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. सुट्टी सगळी घ्यायची नाही, नाहीतर ती शिक्षा होते. रोज पाच गणितं. त्यातली चार त्याला नक्की येणारी, पाचवं एकच पायरी वरचं. अर्धा-पाव-पाऊणपासून सुरुवात. पहिल्या आठवड्यात मुलाला हे बाळबोध वाटतं, वाटू द्या. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा १९७७ पासून हेच सांगत आले, की ‘मला जमेल’ हा विश्वास सगळ्यात पक्का होतो तो प्रत्यक्ष जमल्याच्या अनुभवाने. “तुला जमेल रे!” हे दुसऱ्याने म्हणणं त्याच्या खूप मागे येतं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत चार-एकचं प्रमाण तीन-दोनवर न्या, त्यापुढे घाई नको.

कौतुक करताना जीभ सांभाळा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. सोपे प्रश्न सोडवल्यावर काहींना ‘हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘मेहनत केलीस’. मग अवघड प्रश्न दिले, आणि त्यानंतर पुन्हा सोपे. ‘हुशार’ ठरलेली मुलं अवघड प्रश्नांनंतर लवकर कंटाळली आणि शेवटच्या सोप्या प्रश्नांतही मागे पडली. आपल्याकडे ‘हुशार’ हा शब्द बारशापासून मुलाच्या मागे लागतो. एकदा हुशार ठरलं की चुकायची चोरी. पण नुसतं “छान मेहनत” म्हणणंही पोकळच, कारण चुकीच्या रीतीने मेहनत केलेली मुलाला स्वतःला कळत असते. म्हणून घडलं ते नेमकं सांगा: “छेद सारखे करायचं तुला माझ्याआधी सुचलं.” बस, एवढंच.

‘काय उपयोग?’ असेल तर: उत्तर मुलालाच लिहू द्या

“पुढे उपयोग होईल” याचा बारा वर्षांच्या मुलाला काडीचा उपयोग नाही. ख्रिस हलमन आणि जुडिथ हॅराकिविच यांनी अमेरिकेतल्या नववीच्या विज्ञानाच्या वर्गांत एक साधी गोष्ट केली. काही मुलांना अधूनमधून लिहायला सांगितलं, की शिकलेल्याचा तुमच्या जगण्याशी काय संबंध? इतरांनी धड्याचा सारांश लिहिला. २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की आपल्याला विज्ञान जमणार नाही असं वाटणाऱ्या मुलांची गोडी आणि गुण दोन्ही वाढले. ज्यांना आधीच आत्मविश्वास होता त्यांना फारसा फरक पडला नाही. यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की संबंध मुलांनी शोधला, बाईंनी सांगितला नाही.

मी जुलैत एक खेळ करते. पावसाळ्यात पुण्याच्या वर्तमानपत्रांत खडकवासला साखळीच्या पाणीसाठ्याची चौकट येते, ती कापून आणायची. चार धरणं, क्षमता टीएमसीत: खडकवासला १.९७, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१. बेरीज करा. २९.१५. दशांश चिन्हं एकाखाली एक आली नाहीत तर पुण्याला भलतंच पाणी मिळतं, हे वेगळं सांगावं लागत नाही. मग विचारते, यात खडकवासल्याचा वाटा शेकडा किती? वर्गात आरडाओरडा होतो, पन्नास टक्के, ऐंशी टक्के. रविवारी कणीस खायला सगळे तिथेच जातात ना! भागाकार केल्यावर सात टक्केही भरत नाहीत. “बाई, मग आपलं पाणी आहे तरी कुठे?” इथून तास माझ्या हातात राहत नाही, आणि राहू नये. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर, हे कळल्यावर शून्यं मोजण्यावरून भांडणं होतात.

घरी लिहायला पाच ओळी: आजच्या गणिताचा तुझ्या घराशी संबंध लिही. एका मुलीने, जी एरवी दोन ओळींच्या पुढे जात नसे, पानभर लिहून आणलं. वस्तीतला नळ सकाळी किती वेळ, हंडा किती लिटरचा, आई किती हंडे भरते, तिने स्वतः किती, आणि शेजारच्या सोसायटीच्या टाकीत किती मावत असेल याचा अंदाज. अंदाज चुकला होता. रीत बरोबर होती.

इतिहास-मराठीच्या तासालाही पुण्यात अशी सामग्री कमी नाही. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली हे सगळ्यांना पाठ असतं. फुल्यांच्याच शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला, आणि तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती, हे सांगितलं की वर्गात शांतता पसरते. मग मी विचारते, तुम्हाला कशाबद्दल लिहावंसं वाटतं?

‘मला कुणी विचारलं?’ असेल तर: छोटी निवड, खरं कारण

पाठ्यपुस्तक, वेळापत्रक, घटक चाचणी यातलं काहीच मुलाच्या हातात नसतं. तुमच्या हातात तरी कुठे असतं! पण आठ गणितांपैकी कुठलीही पाच सोडव, आधी आकृती काढायची की आधी उत्तर लिहायचं, एकट्याने की जोडीने, एवढी मुभा तर देता येते. निवड खरी असली पाहिजे. “आता करतोस की ओरडा खाऊन करतोस?” ही निवड नव्हे. आणि जिथे निवड नसेल तिथे कारण सांगा. ‘परीक्षेला आहे’ हे कारण मोठ्यांचं आहे.

बक्षिसांबद्दल माझा स्वतःचा फजितीचा किस्सा सांगते. पाचवीच्या वर्गात अवांतर वाचनाचा चांदण्यांचा तक्ता लावला. एक पुस्तक, एक चांदणी. दहा चांदण्या, एक पेन. दोन आठवडे कपाटावर झुंबड उडाली. मग दिसलं, की सगळ्यात पातळ पुस्तकं आधी संपतायत. पूर्वी जाडजूड पुस्तकं वाचणारी एक मुलगीही सोळा पानीवर आली होती. पेनं संपली आणि कपाट ओस पडलं. नंतर मार्क लेपर यांचा १९७३ चा प्रयोग वाचला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत, चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधी सांगून प्रशस्तिपत्रक दिलं. काही दिवसांनी मोकळ्या वेळात ती मुलं इतरांच्या निम्मा वेळच रंगांपाशी रमली. अचानक, न सांगता दिलेल्या प्रशस्तिपत्रकाने असं झालं नाही. माझा नियम तेव्हापासून हा: मुलाला जे मुळातच आवडतं त्याला बक्षीस लावायचं नाही. पाढे पाठ करण्यासारख्या रुक्ष कामाला थोडे दिवस लावलं तर चालतं. गुणांमागे रुपये मात्र नकोत, त्यांचा भाव दरवर्षी वाढतो.

‘माझं कुणी नाही’ असेल तर: रोज दोन मिनिटं

लातूरकडून आलेल्या एका मुलीने पहिल्याच दिवशी शेजारणीला विचारलं, “काय करायलीस?” वर्ग हसला. पुण्याला आपल्या मराठीचा अभिमान जरा जास्तच. ती मुलगी पुढचे दोन महिने गप्प. वही पूर्ण, हजेरी पूर्ण, बाकी काही नाही.

मी दोन गोष्टी केल्या. रोज दोन मिनिटं अभ्यास सोडून कशावरही बोलायचं: गावाकडच्या शेळीबद्दल, इथल्या बसबद्दल. सलग दहा दिवस, एकही न चुकवता. आणि व्याकरण शिकवणाऱ्या बाईंना सांगून एक तास मागून घेतला. प्रत्येकाने घरून, आजी-आजोबांना विचारून, आपल्या गावचे शब्द आणायचे. फळ्यावर रकाने पाडले. अर्ध्याहून अधिक वर्गाचं गाव पुणे नव्हतंच, हे तेव्हा त्यांनाच कळलं. सगळ्यात मोठा रकाना तिचा होता, आणि हसणाऱ्यांतला एकजण तिला “अजून सांग” म्हणत होता.

हसणाऱ्याला सर्वांसमोर झापू नका. चारचौघांत पाणउतारा झालेलं मूल त्या विषयाशीच वैर धरतं. तसंही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारण्याबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे, हे आपण सोयीने विसरतो.

घरच्यांसाठी थोडंसं

“किती पडले?” ऐवजी “आज कुठे अडलास?” विचारून बघा. पहिले चार दिवस मूल संशयाने बघेल. मावसभावाचे गुण काढू नका. आणि एकदा कागदावर दिवस मांडा: शाळा, क्लास, गृहपाठ, दुसरा क्लास. त्यात त्याचा स्वतःचा एक तास सापडतो का? नसेल तर एक क्लास कमी करा. शिक्षिका असून हे सांगतेय.

सहावा आठवडा: वही उघडा

पहिल्या आठवड्याच्या नोंदींशेजारी आताच्या ठेवा. गुणांकडे इतक्यात बघू नका, ते सगळ्यात शेवटी हलतात. बघायचं ते हे: अवघड गणितापाशी किती वेळ टिकतो, आपणहून प्रश्न विचारतो का, चुकल्यावर पान फाडतो की खाली पुन्हा मांडतो. काहीच हललं नसेल तर बहुधा गाठ चुकीची धरली गेली. तिसऱ्या पायरीवर परत जा. माझं तीनातल्या एका मुलाच्या बाबतीत तरी असं होतंच.

पाणीवाल्या मुलाच्या घटक चाचणीत वीसपैकी नऊ पडले, आधी सात होते. त्याच्या आईला ते काही फार वाटलं नाही. मी तिला वही दाखवली. पहिल्या आठवड्यात पाण्याच्या सहा खेपा, सहाव्यात एक. तीही ऑक्टोबरच्या उकाड्यात, वीज गेली होती त्या दिवशी, आणि अख्खा वर्गच पाण्याला सोडा म्हणून मागे लागला होता.